करामती, किशोर आणि कादंबरी

मुलुंड-बोरिवलीच्या सुशिक्षित घरांत एक समज पक्का असतो : बुवाबाजीला बळी पडतात ते अडाणी, आपला मुलगा तर विज्ञान शाखेचा! २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या ओम् शिनरिक्यो पंथात नामवंत विद्यापीठांतून विज्ञान शिकलेले तरुण होते. ‘तुला निवडले आहे’ हे आमिष बुद्धिमंतालाही मोहवते. पंधराव्या वर्षी तर ते अधिकच गोड लागते.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने नरबळी आणि अघोरी कृत्यांना शिक्षा ठेवली, हे योग्यच झाले. पण मुलाला हळूहळू घरापासून तोडणाऱ्या मधाळ बोलण्याला कोणते कलम लावणार? ते ओळखायला गोष्टच लागते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मराठी मुलांना संकटाचा माग काढायला शिकवले. अंधेरीतल्या क्लासच्या चार मुलांना एखादा ‘गुरुजी’ गाठतो, अशी थरारक किशोर कादंबरी आज मराठीत हवी. धर्माची बदनामी होईल या भयाने लेखकांनी कचरू नये. करामती करणारा तेवढ्याने सद्गुरू ठरत नाही, हे समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात केव्हाच बजावले आहे. दासबोध पूजेत ठेवणाऱ्या घरांना अशा कादंबरीची धास्ती का वाटावी?