तळ्यांच्या मुलखांतील मोटारसहल

दिवाळी सरून फराळाचे डबे रिकामे झाले म्हणजे घरोघर सहलीच्या गोष्टी निघूं लागतात. कोणी समुद्राचें नांव घेतो, कोणी एखाद्या दूरच्या बेटाचें. रम्य रस्ता असावा, वर्दळ नसावी आणि जागोजागीं पाणी दिसावें, एवढीच काय ती सर्वांची इच्छा असते. या तिन्ही गोष्टी विदर्भांतील वाचकांस घराजवळच मिळतात, हें आम्ही या खेपेस सांगणार आहों.

नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग साकोलीस सोडावा आणि दक्षिणेकडे वळावें, म्हणजे सानगडी लागते. येथील जुन्या किल्ल्याचे अवशेष सकाळच्या उन्हांत पाहून घ्यावे. पुढें पूर्वेस नवेगांवबांध आणि तेथून दक्षिणेस गोठणगांवजवळ गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, असा एका दिवसाचा फेरा होतो. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून हीं दोन्ही ठिकाणें त्या जिल्ह्यांत मोडतात. मुलूख मात्र एकच. वाटेंत पिवळें पडलेलें धान, मध्येंच सागाचें रान आणि पुन्हा एखादा तलाव, हाच क्रम चालतो.

हे तलाव निसर्गानें आयते दिलेले नाहींत, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. दोन टेकड्यांमधील सखल जागा हेरून मातीची पाळ घालावयाची, पावसाचें पाणी अडवावयाचें आणि तें पाटानें धानाच्या बांधींत सोडावयाचें, ही विद्या या भागांतील कोहळी समाजानें पिढ्यान् पिढ्या जोपासली. नवेगांवचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, असें सांगतात. लोकांनीं पुढें त्यांस कोलासूर देव म्हणून पुजिलें, आणि भोंवतालच्या सात टेकड्यांस सातबहिणी हें नांव पडलें. तलाव बांधणाऱ्यास देवत्व देणारा हा मुलूख आहे. अशा पाळीवर बसून खाल्लेल्या दशमीचे कागद तेथेंच टाकून येणें कोणत्याहि सुशिक्षित घरास शोभणार नाहीं.

इटियाडोहाच्या बाजूस, गोठणगांवनजीक, १९७२ सालीं वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिमालयापलीकडील माणसें येथें धानाच्या मुलखांत रुजलीं, हें पाहून मुलांच्या भूगोलास अर्थ येतो.

आतां मुख्य मुद्दा. बेत आंखतांना घरांतील तरुण मंडळी नकाशा पुढें ओढतात आणि नागझिरा, प्रतापगड, आणखी एखादें देवस्थान, अशी भर घालीत जातात. यादी वाढली कीं पहांटे चारला निघणें आलें, धांवपळ आली, आणि मग आजीबाई आपण होऊनच म्हणतात, "तुम्ही जा, मी घर सांभाळतें." त्यांच्या या बोलण्यास मोठेपणा समजून सारे निश्चिंत होतात. आमच्या मतें तो बेताचाच दोष आहे. बेत आजींच्या गुडघ्यांवरून ठरवावा, मोटारीच्या वेगावरून नव्हे. तीन ठिकाणें पुरेत. प्रत्येक ठिकाणीं स्वस्थ बसावयास दोन तास असावे आणि मोटारींतील पुढची जागा वडील माणसांची असावी.

परतीची वेळहि आधींच ठरवावी. नवेगांव आणि नागझिरा हीं राने मिळून २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. या दोन रानांमधून रस्ते जातात आणि अंधार पडतांच जनावरें ते ओलांडूं लागतात. भरधांव मोटारीखालीं चितळ सांपडतें, तसें मोटारींतलें माणूसहि संकटांत येतें. म्हणून सूर्यास्तापूर्वीं रान मागें टाकावें. भाऊबीजेनंतर गांवोगांवीं मंडई भरते. त्या दिवशीं रस्त्यावर फार दाटी असते, हेंहि निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

बरोबर पिण्याचें पाणी, दशम्या, एक सतरंजी आणि आजींसाठीं घडीची खुर्ची घ्यावी. पांच ठिकाणें पाहिलीं, परंतु आजी घरींच राहिल्या, अशा सहलीपेक्षां एकाच तलावाच्या कांठीं सारें घर बसलें, ती सहल आम्ही अधिक सफल समजतों.