निरोगी दिसणाऱ्या मानेवर शस्त्रक्रिया का?

जिभेच्या कडेला न भरणारी लहानशी जखम, तपासणीअंती कर्करोगाचे निदान. मान चाचपली तर मात्र एकही गाठ हाताला लागत नाही. अशा रुग्णाच्या मानेतील लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे? शल्यचिकित्सकांतील या जुन्या वादावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणीने २०१५ मध्ये स्पष्ट उत्तर दिले.

मुखकर्करोगाच्या प्रारंभिक अवस्थेतील पहिल्या पाचशे रुग्णांच्या निष्कर्षांनुसार, ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८० टक्के होते. थांबलेल्या गटात ते ६७.५ टक्के. म्हणजे अशा आठ शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू टळतो. थांबलेल्यांच्या मानेत रोग उलटला, तेव्हा तो अधिक पसरलेला आढळला.

तरीही रुग्ण कचरतात, आणि त्यामागे इतिहास आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, गळ्यातील मुख्य नीला आणि खांदा उचलणारी मज्जातंतूही काढली जाई. रोग हटे, पण खांदा कायमचा उतरे. पुढे अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी हे अवयव राखून ग्रंथी काढण्याचा मार्ग दाखवला. आज प्रारंभिक मुखकर्करोगात बहुधा मानेच्या वरच्या तीन भागांतील ग्रंथीच काढतात. मज्जातंतू राखली तरी ती ताणली जाऊन खांदा काही काळ दुखू शकतो. त्यासाठी व्यायामोपचार आवश्यक ठरतात.

गुटखाबंदीत गोव्याने २००५ मध्येच पुढाकार घेतला. पण तंबाखू आणि सुपारीचे व्यसन केवळ बंदीने सुटत नाही. ‘थांबू आणि पाहू’ हा पर्याय नियमित फेरतपासणीवर उभा असतो. काणकोण वा सत्तरीतील रोजंदारीवरच्या माणसाला बांबोळीची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला दिवस. तपासणी चुकण्याचा धोका जिथे अधिक, तिथे पहिल्याच वेळी पूर्ण शस्त्रक्रिया होणे अधिक मोलाचे.

म्हणूनच उपचारांचे यश केवळ शस्त्रक्रियांच्या संख्येवर मोजून चालणार नाही. निरोगी दिसणाऱ्या मानेला छेद का द्यायचा, हे कुटुंबाला त्याच्या भाषेत समजावले गेले का आणि घरी परतलेल्या रुग्णाचा हात पुन्हा डोक्यापर्यंत पोहोचला का, हेही आरोग्ययंत्रणेने विचारले पाहिजे.