पेसाचा निधी, ग्रामसभेचा शब्द

लोकशाही रुजवण्यासाठी सरकारांनी पैसा देणे नवे नाही. 2005 साली स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीला भारतानेही भरीव रक्कम दिली. लोकशाही रुजवण्याचा जगाला दिलेला हा शब्द अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यातही पाळला पाहिजे. धारणीसह हा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी इथल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि पायाभूत सुविधांइतकाच तो वनहक्क व पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या) कायद्याच्या अंमलबजावणीसाठीही आहे. म्हणून कामे ठरवण्याचा मान कंत्राटदाराचा किंवा तालुक्याच्या कचेरीचा नाही, ग्रामसभेचाच आहे.

गावाला हिशेब जमत नाही, पैसा वाया जाईल, हा आक्षेप जुनाच आहे. गैरव्यवहाराची भीती खोटी नाही. पण अधिकार काढून घेतल्याने ती जात नाही, फक्त नजरेआड होते. याच अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड जंगल राखले, सीताफळे विकली आणि 2014 मध्ये जैवविविधता पुरस्कार मिळवला. क्षमता जबाबदारीतूनच येते. लेखापरीक्षण कडक हवेच. पण खर्चाचा प्रत्येक तपशील इथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत ग्रामसभेपुढे वाचला जावा. जिल्हा परिषदेने येत्या ग्रामसभेपासून हे सुरू करावे.