गिऱ्हाईकाला ‘माहीत आहे’ की गिऱ्हाईकाला ‘वाटतं’?



परवाच्या बॅचमध्ये एक जण म्हणाला, "सर, आमचं दुकान महाग आहे हे लोकांना माहीत आहे, म्हणून कोणी येत नाही. भाव कमी करू का?" मी विचारलं, "दुकान खरंच महाग आहे का?" त्याने तिथूनच फोन करून आसपासच्या दोन दुकानांचे भाव काढले. बहुतेक माल त्याच भावाचा निघाला.

म्हणजे लोकांना ‘माहीत’ काहीच नव्हतं. लोक दुकान महाग ‘समजत’ होते. हा फरक नुसता शब्दांचा नाही, पैशाचा आहे. ‘माहीत आहे’ म्हटलं की ती गोष्ट खरी आहे, हे आपण स्वतःही कबूल करून टाकतो. मग एकच उपाय दिसतो, भाव पाडा. ‘समजतात’ म्हटलं की उपाय बदलतो. रोज लागणाऱ्या पाच वस्तूंचे भाव दारात पाटीवर लिहा. पहिल्यात मार्जिन जातं, दुसऱ्यात एक पाटी लागते.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. माझं भांड्यांचं दुकान आहे. "हल्ली म्हणे लोकांना नॉनस्टिक नको, बिडाचे तवे हवेत," असं चार जणांकडून ऐकलं आणि एकदम ४८ तवे भरले. चार महिन्यांत विकले ११. लोक तवा हातात घेऊन "छान आहे हो, येते नंतर" म्हणायचे आणि जायचे. मी त्यावर खूश!

शेवटी नेहमी येणाऱ्या एका काकूंना विचारलं, "काकू, खरं सांगा, का नाही घेत?" त्या म्हणाल्या, "अरे, मला वाटलं हा एकदा गंजला की फेकूनच द्यावा लागतो." माझा माल अडला होता तो या ‘मला वाटलं’मध्ये. बिडाचा तवा ओला ठेवला तर गंजतो हे खरं, पण घासून, वाळवून, तेल लावून तापवला की पुन्हा वापरता येतो. मी मुद्दाम एक गंजलेला तवा साफ करून काउंटरवर ठेवला आणि प्रत्येकाला तो दाखवायला लागलो. उरलेले तवे हळूहळू गेले. भाव एक रुपयाही कमी केला नाही.

आपली मराठी किती हुशार आहे बघा. ‘म्हणे’ हा एवढासा शब्द सांगतो की हे मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलंय. ‘मला वाटलं’ म्हणताच ऐकणाऱ्याला कळतं की प्रत्यक्षात बहुधा वेगळंच निघालं. भाषा आपल्याला सावध करते. पण प्लॅन लिहायला बसलो की आपण ‘म्हणे’ गाळतो आणि लिहितो, "लोकांना हवं आहे."

म्हणून माझं मत सरळ आहे. कुठलाही प्लॅन आला की आकड्यांच्या आधी गिऱ्हाईकाबद्दलच्या वाक्यांची क्रियापदं तपासा.

तुम्ही म्हणाल, "सर, एवढी चौकशी करत बसलो तर धंदा कधी करायचा?" बरोबर आहे. धंद्यात अंदाज लागतोच, त्याला माझी ना नाही. फक्त खर्च शब्दाच्या वजनाइतका ठेवा:

• ‘म्हणे’ असेल तर फक्त वेळ खर्च करा. दहा जणांना विचारा.
• ‘गिऱ्हाईक म्हणालं’ असेल तर थोडा माल आणून बघा. म्हणणं आणि मनात असणं एक नसतं.
• ‘गिऱ्हाईकाला वाटतं’ असेल तर आधी का वाटतं ते शोधा. गैरसमज असेल तर तो दूर करणं भाव पाडण्यापेक्षा स्वस्त पडतं.
• ‘पैसे देऊन नेलं, परत येऊन नेलं’ असेल तरच स्टॉक भरा.

आज रात्री दुकान बंद केल्यावर वहीत ‘माझ्या गिऱ्हाईकाला...’ अशी सुरुवात करून पाच वाक्यं लिहा. प्रत्येकासमोर लिहा, हे तुम्हाला कसं कळलं. ज्या वाक्यासमोर काही लिहिता येणार नाही, तिथे ‘आहे’ खोडा आणि ‘असं मला वाटतं’ लिहा. उद्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याच वाक्याबद्दल विचारा.