पट्टी कोरी, म्हणून साखर नाही?

लघवीला मुंग्या लागत नाहीत, पट्टीचा रंग बदलत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. आम्हीही सभांतून लघवीच तपासा म्हणत आलो. ते अपुरे होते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. उपाशीपोटी १२६ लाच मधुमेह धरतात. मधल्या काळात रोग पोसतो आणि पट्टी कोरीच! बोंड वरून हिरवेगार, आत गुलाबी अळीने सरकी खाल्लेली, तसे हे. कामगंध सापळ्यातले पतंग आपण मोजतो ते बोंड किडण्याआधीच ना?

२०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्यांचे रक्त सरकारी उपकेंद्रात मोफत तपासायचे आहे. ती मेहेरबानी नव्हे. हक्काने बोट पुढे करा, घरच्या लक्ष्मीलाही न्या. पट्टी कोरी निघालेल्यांनी तर आधी.