वाचनाचा विडा

नवे वर्ष उजाडले की शाखांकडून आमच्याकडे जी पत्रे येतात, त्यांत अलीकडे एक नवी चौकशी असते. "शाखेतर्फे सभासदांसाठी वाचनाची पैज लावावयाची आहे, वर्षाला किती पुस्तकांचे उद्दिष्ट ठेवावे?" कुणी बारा म्हणते, कुणी पंचवीस. एका उत्साही शाखेने पन्नासाचा आकडा कळवला आहे. मोबाईलवर अशा संकल्पांचे पेव फुटलेले आहे, त्याचाच हा वारा असावा. वाचनाची गोष्ट युनियनच्या कार्यकारिणीत निघते, हे आम्हांस मनापासून आवडले. परंतु उद्दिष्ट किती ठेवावे या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे की पुस्तकांचा आकडा ठेवूच नये. असे का म्हणतो ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या बाबतीत आम्ही स्वतःचे हात एकदा पोळून घेतलेले आहेत.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील आमच्या शाखेने, आमच्याच आग्रहावरून, 'वर्षात बारा पुस्तके' अशी पैज लावली. गेटजवळच्या फलकावर नावांचा तक्ता लागला. पुस्तक वाचून झाले की नावापुढच्या चौकटीत खूण करायची. पहिल्या महिन्यात चांगली साठेक नावे होती. दिवाळीपर्यंत सात उरली, आणि ती सातही टाइम ऑफिस आणि हिशेब खात्यातली. भट्टीवरचे, पेंट शॉपमधले, पॅकिंगमधले सगळे गळाले. बक्षीस समारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले, फोटोही छापला. पुढे कळले की विजेत्यांपैकी दोघांनी बरीच पुस्तके मलपृष्ठावरचा मजकूर वाचूनच संपवली होती! त्यांना आम्ही दोष देत नाही. तक्ता भरायचा म्हटले की माणूस तक्ता भरतो. लागली ती दुसरीच गोष्ट. भट्टीवरचा एक जुना सभासद, शब्दाखाली बोट ठेवून सावकाश वाचणारा, चिटणिसांना बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, माझं नाव तेवढं काढा. येता-जाता पोरं बघतात." त्याच्या नावापुढे बारा चौकटी रिकाम्या होत्या. वीस-बावीस वर्षे नियमाने वर्गणी भरणाऱ्या सभासदाला आम्ही त्याच्याच गेटवर लाजवले होते.

एकट्याने वाचायचे आणि चारचौघांत मोजून दाखवायचे, ही पैज शाळा-कॉलेजात शोभत असेल. आपल्यात सामूहिक वाचनाची रीत वेगळी आणि फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीचे पारायण घ्या. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, आम्ही येथे त्यातली व्यवस्था तेवढी पाहतो. अठरा अध्याय, सात दिवस, रोजचा वाटा ठरलेला, आणि सर्वांना एका सुरात पुढे नेणारा व्यासपीठ चालक. ज्याला भरभर वाचता येते तो पुढे पळत नाही, ज्याला अडखळायला होते तो शेजारच्याच्या आवाजावर तरून जातो, आणि ज्याला अक्षर येत नाही तो ऐकतो. सातव्या दिवशी पारायण सगळ्यांचे मिळून पूर्ण होते. दुसरे उदाहरण १४ एप्रिलचे. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त अनेक गावांत सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम होतो. पहाटे विहारात, ग्रंथालयात किंवा वसतिगृहाच्या हॉलमध्ये मुले-माणसे पुस्तके घेऊन बसतात ती रात्रीच उठतात. तेथे कुणी किती पाने वाचली हे कुणी विचारीत नाही. बसणे आणि टिकणे, एवढीच त्यातली पैज.

आणि आपल्या चळवळीचा आरंभ तरी कसा झाला? 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढले, १८८० पासून ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवले. १८८४ साली लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्यांचे निवेदन तयार केले, त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. त्या काळी त्यांतल्या किती जणांना ते स्वतः वाचता आले असेल? कुणीतरी मोठ्याने वाचले असेल, बाकीच्यांनी ऐकून, समजून सही किंवा अंगठा केला असेल. पुढे १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली.

कामाच्या जागी असे वाचन चालते काय, अशी शंका कुणी काढील. उत्तर केरळातील कन्नूर भागात ते चालत आले आहे. तेथील विडी कामगार आपल्यातूनच एकाला वाचक म्हणून निवडीत. विडी वळताना हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. वाचक सकाळी वर्तमानपत्रे मोठ्याने वाची, पुढे एखादे पुस्तक घेई, आणि वाचता वाचता वादही रंगत. पण विडीची मजुरी पडली नगावर. वाचण्यात वेळ घालवणाऱ्याच्या पोटाचे काय? त्याची सोय अशी होती की इतर सगळे आपापल्या विड्यांतून थोड्या थोड्या काढून त्याचा वाटा भरून देत. वाचनासाठी पदरचे घालण्याची ही रीत आम्हांस कुठल्याही बक्षीस योजनेपेक्षा मोठी वाटते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याची अंमलबजावणी होऊ लागली तेव्हा खाजगी मालकांनी तेथील कारखाने बंद केले, आणि बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ साली केरळ दिनेश विडी ही सहकारी संस्था उभारली. वाचन तिच्या शेडमध्येही चालू राहिले. ज्यांनी वर्षानुवर्षे अग्रलेखांवर वाद घातला, त्यांना स्वतःच्या संस्थेचा ताळेबंद वाचणे तितकेसे जड गेले नसावे.

याच धंद्याचे सातासमुद्रापलीकडचे भावंड म्हणजे क्यूबातील सिगार कामगार. १८६५ साली हवाना शहरातील एल फिगारो या कारखान्यात कामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून वाचक नेमला. कोणते पुस्तक घ्यावे हे कामगार ठरवीत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सरकारने हे वाचन बंद पाडले, पण ते पुन्हा पुन्हा उगवत राहिले. क्यूबातून अमेरिकेत फ्लोरिडातील टॅम्पाला गेलेल्या कामगारांनी वाचकही बरोबर नेला. १९३१ साली तेथील मालकांनी वाचकांना काढून टाकले, कामगार संपावर गेले, संप मोडला आणि वाचकाच्या जागी रेडिओ आला. मालकांनी मजुरी नव्हे, उंच खुर्चीवर बसून पुस्तक वाचणारा माणूस काढला, याचा विचार आपण केला पाहिजे. रेडिओ मालकाच्या ताब्यात होता, वाचक कामगारांच्या ताब्यात होता.

आता आपल्याकडचे वास्तव. मागाच्या खात्यात किंवा प्रेस शॉपमध्ये शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, तेथे कन्नूरची नक्कल चालणार नाही. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात रांग. सोलापूरच्या विडी कामगार भगिनी घरोघरी वळतात, त्यांना एक छप्पर नाही. माल द्यायला गेल्यावर जी वाट पाहावी लागते तीच त्यांची भेटण्याची वेळ, आणि अनेकींच्या घरात तेलुगू बोलली जाते, म्हणून एक पान मराठीत वाचले की त्याचा अर्थ तेलुगूत सांगणारी एक जण हवी. सुरत, बडोदे, इंदूर, भिलई, हैदराबाद येथल्या आमच्या मराठी सभासदांची अडचण आणखी निराळी. बाप मराठी वाचतो, मुलगा घरी मराठी बोलतो पण वाचतो हिंदी किंवा गुजराती. अशा ठिकाणी दोघांना एका बाकावर बसवावे असे आम्ही सुचवू. बाप मुलाला शब्द सांगेल, मुलगा बापाला परिपत्रक वाचून दाखवील.

कारण परिपत्रके वाचण्याची वेळ आलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशात लागू झाल्या, एकोणतीस केंद्रीय कायदे त्यांत सामावले. त्यांच्याविषयीची भूमिका या अंकात अन्यत्र मांडली जाईल, येथे प्रश्न वाचनाचा आहे. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस हवी, हे आता सगळ्याच उद्योगांना लागू आहे. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जातो. आजवर आपल्या कितीतरी शाखांनी सामूहिक रजेचा मार्ग सहज वापरला, आता तो न वाचता वापरणे महागात पडेल. स्थायी आदेशांसाठी केंद्रीय कायद्यात शंभर कामगारांची मर्यादा होती, ती तीनशे झाली. तुमच्या कारखान्यात किती आहेत? आणि त्याहून जवळचे सांगायचे तर, आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक वाक्य सारखे येते, "नेमणूकपत्रावर सही केली, पण त्यात काय होते ते माहीत नाही." इंग्रजीतली चार पाने, पेन्सिलने केलेली फुली, आणि 'इथे सही करा'. मुदतीच्या करारावर लागलेल्या तरुण मुलांची ही गोष्ट आहे. ही मुले शिकलेली आहेत. त्यांना वाचता येत नाही असे नाही, त्यांना एकट्याने वाचून काही उपयोग होईल असे वाटत नाही.

म्हणून विडा उचलायचाच असेल तर तो असा उचलावा. दहा ते पंधरा जणांचा गट करावा. त्यात कायम, कंत्राटी, मुदतीचे, कार्यालयातले आणि खात्यातले मिसळलेले असावेत. कंत्राटी कामगाराला युनियन ऑफिसात यायला भीती वाटत असेल तर ऑफिस सोडून चहाच्या टपरीवर बसावे. आठवड्यातून दोनदा, दुसरी पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास. कंपनीच्या बसमध्ये किंवा लोकलच्या डब्यात भजनी मंडळे जमतात, मग वाचन का जमू नये! वाचणारा दर वेळी वेगळा, मात्र ज्याला मोठ्याने वाचायचे नाही त्याला आग्रह करू नये. कुणीही 'थांबा' म्हटले की थांबायचे आणि ते वाक्य सोप्या मराठीत सांगायचे. सांगता आले नाही तर प्रश्न वहीत लिहायचा. या वहीइतकी मौल्यवान चीज शाखेकडे दुसरी नसेल.

एक इशारा. नुसत्या संहिताच वाचायला घेतल्या तर तिसऱ्या आठवड्यात वाचणारा एकटाच उरेल. अर्धा वेळ कायदा आणि अर्धा वेळ गोष्ट, असे असावे. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालची 'फकिरा' मोठ्याने वाचायला फार चांगली आहे. नारायण सुर्वे यांचा १९६६ सालचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह रात्रपाळीवाल्यांना आवडतो, असा आमचा अनुभव. गट म्हणेल ते घ्यावे, रहस्यकथा म्हटली तर रहस्यकथा. युनियनचे पदाधिकारी पुस्तक ठरवू लागले की त्याचा अभ्यासवर्ग होतो, आणि अभ्यासवर्गाला कोण किती येते ते आपल्याला ठाऊक आहे.

मोजायचेच असेल तर एकच गोष्ट मोजावी. पहिल्या पानाला जितके जण बसले, तितके शेवटच्या पानाला हजर आहेत काय? कुणाची पाळी बदलली तर त्याला राहिलेला भाग तोंडी सांगण्याची जबाबदारी कुणावर तरी टाकावी. पंधरांपैकी चौदा पोहोचले तर पैज हरली असे समजावे आणि पंधराव्याच्या घरी जावे. पुस्तके वर्षात दोनच झाली तरी चालतील.

ज्या शाखेची हकीकत वर सांगितली, तिने आता या रीतीने पुन्हा सुरुवात केली आहे. तक्ता नाही. कॅन्टीनच्या मागच्या बाकावर तेरा जण बसतात, आणि नाव काढायला सांगणारा तो भट्टीवरचा सभासद रोज येतो. तो वाचत नाही, पण 'थांबा' सर्वांत जास्त वेळा तोच म्हणतो, असे चिटणीस लिहितात. मुदतीच्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळेल, असे सरकारने जाहीर केलेले आहे. ते पान वाचताना त्याने थांबवले आणि शेजारच्या मुलाकडे बोट दाखवून विचारले, "ह्याला अकरा महिन्यांनी काढला आणि आठ दिवसांनी परत घेतला, तर वर्ष कधी भरायचं?" तेरा जणांत कुणाला उत्तर देता आले नाही. प्रश्न वहीत गेला, वहीतून आमच्याकडे आला. आम्हांलाही तो चटकन सुटला नाही. तो कायदे सल्लागारांकडे पाठवला आहे. उत्तर पुढील अंकात छापू.