सुचेल ते, पण कशावर?

मुक्काम सध्या नोएडा, अरुण विहार. गेल्या शनिवारी कॉलनीतल्या संगीतसंध्येत माझ्या मुलीनं गिटारवर एक बांधीव पाश्चात्त्य रचना वाजवली. सहा महिन्यांची मेहनत. खाली उतरल्यावर एक सद्गृहस्थ म्हणाले, "छान, पण हे घोकलेलं. फ्लेमेंको ऐक, आपला ख्याल ऐक. खरा कलाकार ऐनवेळी सुचेल ते वाजवतो." तेव्हापासून गिटार खोळीतच आहे. म्हणून हे लिहितोय, आणि जरा रागानंच.

फ्लेमेंकोतला सोलेआ घ्या. 12 मात्रांचं आवर्तन, जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. तो चुकला की वादक उघडा पडला. मधले फाल्सेता, म्हणजे गिटारचे तुकडे, बरेचसे आधीच बसवलेले असतात. कोणता कधी काढायचा, गायकाला वाट कुठे द्यायची, एवढं त्या क्षणी ठरतं. याच परंपरेतल्या पाको दे लुसियानं 1991 मध्ये रोद्रिगोचा 'कोन्सिएर्तो दे आरान्हुएस' वाजवून रेकॉर्ड केला. 1939 सालची, स्वरन्‌स्वर लिहिलेली रचना. अंध, वृद्ध रोद्रिगो स्वतः समोर बसलेले. घोकलेलं कमी प्रतीचं असतं, तर त्यानं कशाला हा खटाटोप केला असता?

आणि ख्यालाचं काय सांगता! आलाप-ताना कितीही फिरू देत, बंदिशीचा मुखडा समेवर यावाच लागतो. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापल्या, त्यानं गाणं मेलं नाही. 1916 च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवांनी चाली बांधून दिल्या. वन्समोअरला बालगंधर्व तेच पद पुन्हा गात, आणि ते 'तेच' नसे.

आमच्याही धंद्यात हा गैरसमज आहे. खडकवासल्याचं ड्रिल बघून लोकांना वाटतं, हे कळसूत्री बाहुले. अॅम्बुशमध्ये पहिले काही सेकंद हात-पाय पाठ केलेलंच करतात, म्हणून तर पुढचं सुचायला डोकं मोकळं राहतं. ज्याला काहीच पाठ नाही, त्याला तिथे काहीही सुचत नाही. कागदापुढे कधीच न जाणारे वादक पुष्कळ आहेत, मान्य. पण तो दोष कागदाचा नव्हे, आणि सहा महिने शिकलेल्या पोरीचा तर नव्हेच.

सद्गृहस्थांना येत्या रविवारी चहाला बोलावलंय. पेटी वाजवतात म्हणे. एकतालाचा ठेका मी लावून देतो, त्यांनी सुचेल ते वाजवावं. सम कुठे येते ते मुलगी मोजेल.